वाचकांचे प्रश्न: डॉक्टर हू इतका कसा बदलला?

मागच्या अंकात डॉक्टर हू या ब्रिटिश सिरीयलवर एक छोटी चौकट छापली होती, त्यात एवढंच लिहिलं होतं की 1963 पासून चालत आलेला हा हिरो प्रत्येक पिढीला वेगळाच भेटतो. त्यावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डॉक्टर हा परग्रहावरचा माणूस आहे, त्याला दोन हृदयं आहेत, जुन्या निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसणारं टार्डिस नावाचं त्याचं यान आहे जे आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, त्यातून तो काळात कुठेही जातो आणि बरोबर कुणीतरी साधं माणूस घेऊन फिरतो. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, चेहरा नवा, स्वभाव नवा, आठवणी मात्र जुन्या.

प्रश्न: ताई, मी रिटायर्ड माणूस, गंगापूर रोडला राहतो. आमच्या पिढीने दूरदर्शनवर स्टार ट्रेक बघितलं, तिथे कॅप्टन कर्क म्हणजे एकच माणूस. नातू हे डॉक्टर हू बघतो, त्यात दर तीन-चार वर्षांनी नवा नट. आपल्याकडे मालिकेत सून बदलली तरी लोक चॅनेलला नावं ठेवतात. मग हा तोच हिरो आहे असं लोकांनी मान्य कसं काय केलं?

काका, मान्य केलं कारण दुसरा इलाजच नव्हता, आणि ती अडचण त्यांनी लपवली नाही, सरळ गोष्टीतच घेतली.

सिरीयल सुरू झाली 23 नोव्हेंबर 1963 ला, शनिवारी संध्याकाळी. आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली होती, लोकांचं लक्ष कुठे असणार, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग परत दाखवला आणि लगेच त्याला जोडून दुसरा. कल्पना होती सिडनी न्यूमन या कॅनडाहून आलेल्या बीबीसीच्या ड्रामा विभागप्रमुखाची, निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तिशीच्या आतली बाई, आणि पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला, चोवीस वर्षांचा मुलगा. त्या काळच्या बीबीसीत ही दोघं म्हणजे चारचौघांत उठून दिसणारी माणसं होती आणि सिरीयल चालेल यावर वरच्या लोकांचा फारसा विश्वास नव्हता. डॉक्टर झाला विल्यम हार्टनेल, 55 वर्षांचा, तोपर्यंत सिनेमात कडक सार्जंट वगैरे करणारा नट.

तीन वर्षांत हार्टनेलची तब्येत ढासळली, वाक्यं विसरायला लागला, काम झेपेना. इकडे सिरीयल तर जोरात, डेलेक नावाच्या त्या लोखंडी डब्यातल्या खलनायकांनी पोरांना वेड लावलेलं. बंद करायची? की नवा नट आणून काही झालंच नाही असं दाखवायचं? त्यांनी तिसरं केलं. ऑक्टोबर 1966 मध्ये म्हातारा डॉक्टर टार्डिसच्या जमिनीवर कोसळतो, पडदा उजळतो, आणि तिथेच पॅट्रिक ट्राउटनचा चेहरा दिसतो. बरोबरच्या दोघांचाही विश्वास बसत नाही, ते पुढच्या गोष्टीत हा नक्की तोच का अशी शंका घेत राहतात, म्हणजे घरी बसून प्रेक्षक जे म्हणत होता तेच पडद्यावरची माणसं म्हणत होती. ट्राउटनने हार्टनेलची नक्कल अजिबात केली नाही. ढगळ कोट, हातात बासरीसारखा रेकॉर्डर, वेडगळ दिसणारा आणि मनातून अतिशय हुशार. त्याने तेव्हा नक्कल केली असती तर सिरीयल फारतर अजून एखाद-दोन वर्षं चालली असती असं मला वाटतं.

तुम्ही नाशिकचे म्हणून सांगते, आपल्या तात्यासाहेबांचं नटसम्राट घ्या. बेलवलकर आधी डॉ. लागूंनी केले, मग दत्ता भटांनी केले, पुढे आणखी कितीतरी जणांनी केले, आणि कुणाचा बेलवलकर भारी यावर आपल्याकडे अजून वाद होतात. तिथे वाक्यं तीच, माणूस वेगळा. डॉक्टरच्या बाबतीत वाक्यंही वेगळी, वयही वेगळं, कपडेही वेगळे, आणि हे सगळं का बदललं त्याचं उत्तर गोष्टीच्या आतच आहे. त्यामुळे नट गेला की प्रेक्षक रडतो पण फसवलं असं म्हणत नाही.

प्रश्न: मी कॉलेज रोडला शिकते, सेकंड इयर. डेव्हिड टेनंट डॉक्टर होता तेव्हापासून बघत आले, आता हौस म्हणून अगदी पहिल्यापासून सुरू केलं आणि शॉकच बसला. पहिल्याच गोष्टीत डॉक्टर जखमी माणसाला मारायला दगड उचलतो! हा आपला डॉक्टर? ताई, हे नंतर बदललं की मी काहीतरी चुकीचं समजतेय?

तू अगदी बरोबर बघितलंस, आणि या सगळ्या पत्रांमधला हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी प्रसंग सांगते. डिसेंबर 1963, तिसरा भाग. डॉक्टर, त्याची नात सुझन आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक इयन आणि बार्बरा अश्मयुगात अडकलेत. (ते शिक्षकही स्वखुशीने आलेले नाहीत हं, आपलं गुपित बाहेर फुटेल या भीतीने डॉक्टरने त्यांना यानासकट पळवलंय.) रानटी टोळीच्या तावडीतून निसटून चौघं जंगलातून पळतायत आणि मागे लागलेल्या माणसावर जनावर हल्ला करतं. तो रक्तबंबाळ पडलाय. बार्बरा म्हणते याला असं सोडून जायचं नाही. डॉक्टर वैतागलेला, त्याला लवकरात लवकर यान गाठायचंय. सगळे जखमीजवळ बसलेले असताना तो हळूच एक टोकदार दगड उचलतो, आणि इयन त्याचा हात धरतो, काय करताय म्हणून विचारतो. डॉक्टर म्हणतो, याच्याकडून यानाकडे जायचा रस्ता काढून घेणार होतो. थाप आहे हे इयनलाही कळतं आणि आपल्यालाही.

म्हणजे आपण ज्याला डॉक्टर म्हणून ओळखतो तो माणूस तिथे नाहीच. तिथे आहे एक घाबरलेला, अहंकारी, पळून आलेला म्हातारा. पुढच्याच गोष्टीत यानाचा पार्ट बिघडलाय असं खोटं सांगून तो सगळ्यांना डेलेकच्या शहरात नेतो, का, तर त्याला शहर बघायचंय! त्याच्या पुढच्या गोष्टीत तर शिक्षकांवरच घातपाताचा आळ घेतो, तेव्हा बार्बरा त्याला असं झापते की बस, आमच्यामुळे तुझा जीव वाचलाय, खरं तर तू आमचे पाय धरायला हवेस अशा अर्थाचं. आणि तो शेवटी तिची माफी मागतो. माझ्या मते डॉक्टर हू खऱ्या अर्थाने त्या माफीपासून सुरू होतं. तिथून पुढे त्याला शिकवलं त्याच्या सोबत्यांनी. एका शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी आणि सायन्सच्या सरांनी.

आता बारा वर्षं पुढे ये. 1975, डॉक्टर आहे टॉम बेकर, तो लांबलचक स्कार्फवाला. डेलेक नुकते जन्माला येतायत आणि त्यांना तिथेच संपवायचं काम याच्यावर सोपवलंय. स्फोटकं लावून झालीत, हातात दोन वायरी आहेत, एक दुसरीला लावली की विश्वातला सगळ्यात मोठा धोका जन्मायच्या आधीच नष्ट. आणि त्याचा हात थांबतो. तो विचारतो मला हा हक्क आहे का? एखादं मूल दाखवून कुणी सांगितलं की हे पुढे क्रूर हुकूमशहा होणार आहे, तर त्या मुलाला तू मारशील का? गंमत बघ, इथे सोबत असलेली सारा जेन त्याला उलट सांगतेय की करून टाक, शंका कसली घेतोस. एकेकाळी सोबत्याने हात धरावा लागला होता, आता सोबतीण सांगतेय तरी याचा हात पुढे जात नाही. (नंतर तो परत जाऊन ते करायला बघतो, आणि त्या तारांवरून जाणाऱ्या एका डेलेकमुळेच स्फोट होतो, पण त्याने डेलेक फक्त मागे पडतात, संपत नाहीत.)

2005. ख्रिस्तोफर एकल्स्टन. युद्धातून आलेला डॉक्टर, लेदर जॅकेट, बारीक केस, आपल्या जमातीत एकटाच उरलेला आणि ती जमात आपल्याच हाताने संपवली या ओझ्याखाली दबलेला. शेवटच्या भागात समोर डेलेकची फौज, हाताशी एक यंत्र, ते चालवलं तर डेलेक मरतील आणि पृथ्वीवरची माणसंही मरतील. डेलेकचा सम्राट विचारतो तू कोण, खुनी की भित्रा. तो हात काढून घेतो आणि म्हणतो भित्रा, कधीही. मग त्याला वाचवायला कोण येतं? रोझ, लंडनच्या दुकानात काम करणारी मुलगी, जिला त्याने तिच्या भल्यासाठी घरी पाठवून दिलं होतं, ती घरच्यांकडून ट्रक मागवून टार्डिसचं पॅनेल ओढून उघडते आणि परत येते. ट्रक लावून! मला तो सीन इतका प्रिय आहे की काय सांगू.

आणि 2013 चा पन्नासाव्या वाढदिवसाचा भाग तर तू बघितलाच असशील, 94 देशांत एकाच वेळी दाखवला होता. तीन डॉक्टर एका बटणावर हात ठेवून उभे, ज्या युद्धाचं ओझं एकल्स्टनपासून सगळे वाहतायत त्याच युद्धाचा शेवट करायला, आणि सोबतीण क्लारा नुसती मान हलवते, डोळ्यांत पाणी. तिच्या एका नजरेने तिघं हात मागे घेतात आणि दुसरा मार्ग शोधतात.

दगड, वायरी, यंत्र, बटण. पन्नास वर्षांत हात तोच आहे असं धरून चाललीस तर त्या हाताला केवढं वळण लागलंय बघ. त्यामुळे तुला शॉक बसला ते बरोबरच आहे, पण ती पहिली गोष्ट वगळू नकोस. नंतरचा डॉक्टर चांगला वागतो त्याची किंमत त्या दगडाशिवाय कळत नाही.

आणि एक. 1984 मध्ये सिरीयलवाल्यांनी मुद्दाम त्याला परत कडवट करून बघितलं. कॉलिन बेकरचा डॉक्टर आल्या आल्या स्वतःच्याच सोबतिणीचा, पेरीचा, गळा दाबतो. कल्पना अशी होती की हळूहळू त्याचा स्वभाव उलगडत न्यायचा. पण तोपर्यंत प्रेक्षकांना कळलं होतं की आपला डॉक्टर काय करतो आणि काय करत नाही. 1963 ला जे चाललं ते 1984 ला चाललं नाही. दुसऱ्याच वर्षी बीबीसीने सिरीयलला दीड वर्षाची सुट्टी दिली, त्याला हिंसेवरची टीका आणि वरच्या साहेबांची नाराजी अशी बाकीचीही कारणं होती, पण त्या गळा दाबण्याने जे बिघडलं ते बिघडलंच. कॉलिन बेकर नट म्हणून वाईट नव्हता हे मात्र आवर्जून सांगायला हवं, त्याला लिहून मिळालेलं वाईट होतं.

प्रश्न: मी सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. सत्तरच्या दशकातला जॉन पर्टवीचा डॉक्टर पृथ्वीवरच अडकून असतो, मिलिटरीबरोबर काम करतो, गाड्या चालवतो. काळात फिरणारा माणूस असा एका जागी का बसवला?

पैसे, दादा. 1969 च्या शेवटच्या गोष्टीत डॉक्टरचे जातवाले, टाईम लॉर्ड, त्याला पकडतात आणि शिक्षा म्हणून पृथ्वीवर सोडतात, यान बंद. गोष्टीत ती शिक्षा आहे, ऑफिसात ती काटकसर होती. 1970 पासून सिरीयल रंगीत होणार होती, रंगीत म्हणजे खर्च, दर आठवड्याला नवा ग्रह उभा करणं परवडत नव्हतं. भागांची संख्याही वर्षाला चाळीसच्या पुढे होती ती 25 वर आणली.

पण त्यातून काय निघालं बघा. ग्रह बंद झाले म्हटल्यावर लेखक आपल्या आजूबाजूचं लिहायला लागले. पर्टवीच्या पहिल्याच वर्षात जमिनीखाली झोपलेली सरड्यासारखी जमात जागी होते, माणसाच्याही आधीपासून पृथ्वीवर राहणारी, डॉक्टर जीव तोडून दोघांत समझोता घडवायला बघतो आणि त्याचाच मिलिटरीतला मित्र ब्रिगेडियर त्यांचा तळ उडवून देतो. डॉक्टर लांबून बघत राहतो. शत्रू हरला पण हिरोही हरला, असा शेवट पोरांच्या शनिवारच्या सिरीयलमध्ये!

आणि 1973 ची एक गोष्ट तर तुम्ही बघाच, कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला ती वेगळीच लागेल. वेल्समधली बंद पडलेली कोळशाची खाण, केमिकल कंपनी, कंपनी म्हणते आमची प्रोसेस एकदम स्वच्छ आहे, आणि घाण गुपचूप खाणीत सोडली जातेय. तिथे हिरवट चमकणारा चिखल आणि त्यातून वाढलेल्या हातभर लांब अळ्या. प्रदूषण हा शब्द तेव्हा नुकता कुठे घराघरात पोचत होता. डॉक्टर तिथे बंदूकवाला हिरो नाही, तो आहे मायक्रोस्कोप घेऊन बसणारा, मॅनेजमेंटशी हुज्जत घालणारा माणूस. तोपर्यंत टार्डिस परत चालू झाली होती, पण मधली ती पृथ्वीवरची वर्षं नसती तर ही गोष्ट झाली नसती.

प्रश्न: ट्राउटनचे बरेच भाग कुठेच मिळत नाहीत. का?

बीबीसीने टेप पुसल्या. तेव्हा टेप महाग, जागा कमी, आणि जुनं कुणी परत बघेल असं कुणाला वाटत नव्हतं. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आजही सापडलेले नाहीत. आवाज मात्र सगळ्यांचे आहेत, कारण त्या वेळच्या काही मुलांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते रेकॉर्ड केले होते. त्या आवाजांवर नंतर अ‍ॅनिमेशन करून बरेच भाग परत उभे केले गेले. आपल्याकडे मराठी रंगभूमीच्या किती जुन्या रेकॉर्डिंगचं असंच झालंय हा विचार केला की पोटात तुटतं.

प्रश्न: देवळाली कॅम्प. स्पष्टच लिहितो, राग मानू नका. टेनंटपर्यंत सगळं छान होतं. मग डॉक्टर बाई झाला, मग कृष्णवर्णीय झाला, हे सगळं हल्लीच्या फॅशनप्रमाणे मुद्दाम चाललंय. मूळ डॉक्टर राहिलाच कुठे?

राग कशाला मानू, तुम्ही मनापासून लिहिलंत. पण मला हे पटत नाही आणि का ते सांगते.

एक तर ही हल्लीची टूम नाही. 1986 मध्ये सिरीयल गाळात असताना तिच्या जन्मदात्या सिडनी न्यूमननेच बीबीसीला सुचवलं होतं की डॉक्टर बाई करा. ते प्रत्यक्षात यायला 2017 उजाडलं. दुसरं म्हणजे मूळ डॉक्टर म्हणजे कोण? टेनंट? टेनंटच्या आधी नऊ होऊन गेले होते आणि ट्राउटन आला तेव्हाही मूळ डॉक्टर कुठे गेला म्हणून लोक चिडलेच होते.

जोडी व्हिटेकरच्या काळात बऱ्याच गोष्टी फसल्या हे मी मान्य करते. तिचा डॉक्टर पुष्कळदा नुसता बाजूला उभा राहून माहिती देतो, तीन-तीन सोबती दिलेत आणि कुणालाच धड काम नाही. पण हा लेखनाचा दोष आहे, बाईचा नाही. कारण जिथे लेखन नीट होतं तिथे ती काय उभी राहिली! 11 नोव्हेंबर 2018 चा भाग बघा, विनय पटेलने लिहिलेला, फाळणीवरचा. ऑगस्ट 1947, पंजाब. डॉक्टरची सोबतीण यास्मिन आपल्या नानीचं तरुणपण बघायला जाते आणि तिथे कळतं की नानीचं पहिलं लग्न एका हिंदू मुलाशी, प्रेमशी, झालं होतं, जे घरात कुणालाच माहीत नाही. सीमारेषा शेतातून गेलीये, आणि प्रेमचा सख्खा धाकटा भाऊच द्वेषाने पेटलाय. दिसायला राक्षसासारखे परग्रहावरचे दोन जीव तिथे फिरतायत, आपल्याला वाटतं हेच मारेकरी, पण ते आलेत फक्त जो एकटा मरणार आहे त्याच्याजवळ उभं राहायला. मारेकरी माणसंच आहेत. डॉक्टर त्या दोघांचं लग्न लावते, स्वतः. आणि मग तिला तिथून निघून जावं लागतं, कारण प्रेम वाचला तर यास्मिन जन्मालाच येणार नाही. मागे गोळीचा आवाज येतो आणि हे सगळे चालत राहतात.

देवळालीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं तुमच्या शेजारी असतील, त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर बसून हा भाग बघा आणि मग मला सांगा की हे फॅशन म्हणून केलंय का. पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक लखनौचा होता, त्यानंतर पंचावन्न वर्षांनी सिरीयल पंजाबात पोचली. उशीरच झाला म्हणायचा.

कृष्णवर्णीय डॉक्टरचं, शूटी गाट्वाचं म्हणाल तर जून 2024 चा एक भाग आहे. श्रीमंतांच्या पोरांचं एक शहर, सगळे दिवसभर डोक्याभोवती फिरणाऱ्या स्क्रीनमध्ये गुंतलेले, आणि बाहेर राक्षस त्यांना एकेक करून खातायत. डॉक्टर पूर्ण भाग त्यांना स्क्रीनवरून सूचना देत वाचवत राहतो. शेवटी समोरासमोर येऊन म्हणतो, चला माझ्या यानात, नाहीतर मराल. आणि ती पोरं नाही म्हणतात. त्याच्याबरोबर नाही यायचं, तो आपल्यातला नाही. तेव्हा लक्षात येतं की पडद्यावर दिसणारी ती सगळी पोरं गोरी होती. तो हात जोडतो, म्हणतो मला काहीही म्हणा पण जीव वाचवू द्या, ती होडीत बसून मरायला निघून जातात, आणि डॉक्टर वेड्यासारखा हसतो आणि मग किंचाळतो. टेनंटला हे कुणी म्हणालं नसतं. डॉक्टर तोच होता, तितकाच हुशार, तितकाच दयाळू. नवा चेहरा आला म्हणूनच ही गोष्ट सांगता आली.

प्रश्न: मी दहावीत आहे, पंचवटी. डॉक्टरला बाराच वेळा बदलता येतं ना? मग पंधरावा कसा झाला?

1976 च्या एका गोष्टीत बाराची मर्यादा घातली, कारण तेव्हा चौथाच डॉक्टर चालू होता, बारा संपतील कधी असं कुणाला वाटलं होतं! 2013 मध्ये मॅट स्मिथच्या शेवटाला ती खरंच संपली, तेव्हा क्लाराने टाईम लॉर्डना विनवून त्याला नवा कोटा मिळवून दिला. इथेही सोबतीणच, बघ.

नंतर 2020 मध्ये आणखी एक उलगडा केला, की डॉक्टर मुळात टाईम लॉर्ड नव्हताच, तो दुसरीकडून कुठून तरी सापडलेलं बाळ होता, त्याच्यावरूनच त्यांनी ही शक्ती घेतली, आणि हार्टनेलच्या आधीही त्याचे कितीतरी जन्म होते. मला हे मुळीच आवडलं नाही. तो कुणी विशेष नव्हता, एक साधा पळून आलेला माणूस होता आणि वागून वागून चांगला झाला, यातच सगळी मजा होती. जन्मतःच अवतार करून टाकला तर मग बार्बराने शिकवलं काय? पण तुला आवडलं असेल तर तू तुझं म्हणणं जरूर लिहून पाठव, छापू.

प्रश्न: मराठीत असा पिढ्यान्पिढ्या चालणारा सायन्स फिक्शन हिरो का झाला नाही? नाशिकच्या साहित्य संमेलनाला तर नारळीकर सर अध्यक्ष होते.

हो, 2021 चं 94 वं संमेलन, तब्येतीमुळे सरांना प्रत्यक्ष येता आलं नाही, पण एक विज्ञानकथाकार अध्यक्ष झाला याचा इथल्या लोकांना केवढा अभिमान होता. मे 2025 मध्ये सर गेले. आपल्याकडे कथा भरपूर आहेत, कमी पडते ती सलगता. हिंदीत 1998 ला कॅप्टन व्योम आलं, मिलिंद सोमण, आमच्या वयाच्या सगळ्यांना पाठ आहे, पण ते एका नटापाशी आणि एका टीमपाशी थांबलं.

डॉक्टर हू टिकलं त्याचं एक कारण असं की बघणारी पोरं मोठी होऊन ते करायला लागली. 1989 ला सिरीयल बंद पडली, 1996 चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर 2005 पर्यंत पडद्यावर नवं काही नाही, पण त्या सोळा वर्षांत चाहत्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, ऑडिओ नाटकं केली. 2005 ला परत आणणारा रसेल डेव्हिस त्यातलाच, त्याच्यानंतरचा स्टीव्हन मॉफट त्यातलाच. पीटर कपाल्डीने शाळेत असताना 1974 मध्ये रेडिओ टाईम्सला डॉक्टर हूबद्दल पत्र लिहिलं होतं, ते छापूनही आलं, आणि 2013 मध्ये तो स्वतः डॉक्टर झाला, हार्टनेलने सुरुवात केली त्याच वयाला. टेनंटची बायको म्हणजे पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसनची मुलगी, आणि तिने सिरीयलमध्ये कुणाचं काम केलं, तर डॉक्टरच्या मुलीचं! मराठीत असा हिरो हवा असेल तर आजच्या चौथी-पाचवीतल्या पोरांना दर आठवड्याला बघायला काहीतरी हवं, ते बंद पडलं तरी पोरांनी वहीत लिहीत राहावं इतकं आवडीचं. चॅनेलवाले करतील न करतील, इथल्या शाळांनी आणि हौशी नाट्यसंस्थांनी एकच पात्र घेऊन दरवर्षी नवा नट, नवा लेखक असं एकांकिकांमधून करून बघायला काय हरकत आहे? कुणी करणार असेल तर कळवा, मी यायला तयार आहे.

प्रश्न: सिन्नरहून. मला आईबरोबर बघायचंय, तिने सायन्स फिक्शन कधी बघितलेलं नाही. कुठून सुरू करू?

पहिल्यापासून नको, आईंना 1963 ची संथ गती आणि ते सेट जड जातील. 2010 चा व्हॅन गॉगवरचा भाग लाव, मॅट स्मिथचा, त्याला काहीच माहिती लागत नाही. चित्रकाराला डॉक्टर आजच्या पॅरिसच्या म्युझियममध्ये नेतो आणि त्याचीच चित्रं बघायला लोटलेली गर्दी दाखवतो, आईंना रुमाल लागेल. मग 2007 चा दगडी पुतळ्यांचा भाग, त्यात डॉक्टर फारसा नाहीच पण भीती अस्सल आहे, रात्री नका बघू. त्यांना गोडी लागली की 2005 पासून सरळ. कपाल्डी येईपर्यंत त्यांना सवय होईल, पण त्याचा स्कॉटिश उच्चार जरा अवघड आहे, तेव्हा सबटायटल्स चालू ठेवा.